एका ओळीचं देणं

डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश गृहस्थांना मी कधी भेटलेली नाही, पुढे कधी भेट होईल असंही वाटत नाही. तरी दरमहा घरात येणाऱ्या पगारात त्यांचा वाटा आहे असं मी मानते. ‘कर्ल’ हे त्यांचं काम. टर्मिनलवर एक ओळ लिहून एंटर दाबलं की दूरच्या सर्व्हरकडे मागणी जाते आणि उत्तर समोर येतं. माझी नोकरी या एका ओळीच्या आधारावर उभी राहिली. आणि ती ओळ वाचायला मला शिकवलं आमच्या ऑफिसातल्या काकांनी.

मी सांगलीहून एमसीए करून पुण्यात आले आणि नारायण पेठेतल्या एका लहानशा कंपनीत लागले. आम्ही पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचे एसएमएस पाठवण्याची सेवा देत असू. प्रत्येक ग्राहकाचं सॉफ्टवेअर कुणी तिसऱ्यानेच लिहिलेलं. एकाचं पीएचपीत, दुसऱ्याचं जावात, तिसऱ्याचं सी शार्पमध्ये. पुढे पायथन आणि नोडवाले आले. सगळ्यांचा फोन एकच असे: “मॅडम, तुमची सेवा जोडायचा कोड आमच्या भाषेत द्या.” तो द्यायचं काम माझ्याकडे होतं. यातल्या बऱ्याच भाषा मला येत नव्हत्या, आणि त्या सगळ्या शिकून होईपर्यंत ग्राहक थांबणार नव्हते.

काका आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी मला एकही भाषा शिकवली नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “अगं, भाषा कुठलीही असो, तारेवरून जातं ते एकच. ते आधी बघ.” मग टेलनेटने एका सर्व्हरच्या 80 क्रमांकाच्या पोर्टला जोडून मला हाताने मागणी लिहायला लावली. पहिल्या ओळीत ‘गेट’, मग पानाचा मार्ग, मग एचटीटीपीची आवृत्ती. दुसऱ्या ओळीत होस्टचं नाव. एंटर दाबलं, पडद्यावर काही नाही. “अजून एकदा दाब,” काका म्हणाले. दाबलं, आणि उत्तर धबाधबा खाली उतरलं. हेडर संपल्याची खूण म्हणजे ती रिकामी ओळ. तोवर सर्व्हर वाट बघत बसतो. मागणीबरोबर मजकूर पाठवायचा असेल तर तो या रिकाम्या ओळीनंतर. एवढीच रचना, आणि वेबवर चालणाऱ्या व्यवहाराचा पाया ती आहे. ग्राहकाची कुठलीही भाषा अखेर याच चार गोष्टी लिहिते हे त्या दुपारी कळलं, आणि भाषांची भीती गेली ती गेलीच.

त्यानंतर काकांनी कर्ल हाती दिलं. त्याचा इतिहासही त्यांनीच सांगितला, आणि मला तो आजही तितकाच विलक्षण वाटतो. 1996 साली ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी ‘एचटीटीपीगेट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. स्टेनबर्ग तेव्हा अमिगा संगणकाच्या चाहत्यांच्या गप्पांच्या चॅनेलसाठी चलनाचे दर सांगणारी सोय करत होते. रोजचे दर वेबवरून आणायला त्यांनी तो प्रोग्रॅम उचलला आणि वाढवत नेला. आधी एचटीटीपीगेट, मग यूआरएलगेट आणि 20 मार्च 1998 रोजी कर्ल. तेव्हापासून 2019 पर्यंत त्यांनी हे काम मुख्यतः नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात केलं. 2017 मध्ये त्यांना स्वीडनच्या राजाच्या हस्ते पोल्हेम पुरस्काराचं सुवर्णपदक मिळालं, ती बातमी काकांनी मला घरचं कुणी गौरवलं जावं तशा आनंदाने पाठवली होती.

कर्लची ओळ म्हणजे मागणीचं पूर्ण वर्णन: पत्ता, पद्धत, हेडर, मजकूर. ती अचूक जमली की तिच्यावरून हव्या त्या भाषेतला कोड तयार करता येतो. कर्लमध्येच ‘लिबकर्ल’ नावाचा पर्याय आहे. तो जोडला की तीच मागणी करणारा सी भाषेतला प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहून मिळतो. पीएचपीचं कर्ल तर आतून स्टेनबर्ग यांचंच लिबकर्ल वापरतं, म्हणून तिथे ओळीतला जवळजवळ प्रत्येक पर्याय थेट उतरतो. पुढे ‘कर्लकन्व्हर्टर’ आलं, मॅशेप कंपनीचं ‘एचटीटीपीस्निपेट’ आलं. अभिनव अस्थाना यांनी 2012 मध्ये एक जोडकाम म्हणून सुरू केलेल्या, बंगळुरूत वाढलेल्या ‘पोस्टमन’मध्येही कोडचं बटण आलं. एचटीटीपीस्निपेटची युक्ती मला फार आवडते. मागणी आधी ‘हार’ या ठरलेल्या सामाईक साच्यात बसवायची, आणि प्रत्येक भाषेसाठी त्या साच्यावरून कोड लिहिणारा एकच छोटा भाग ठेवायचा. नवी भाषा आली की एक भाग वाढतो, आधीच्या कशाला हात लागत नाही. हे भाग जगभरच्या माणसांनी लिहिले आहेत, आणि रुबीचा किंवा गोचा भाग लिहिणाऱ्याला सांगलीकडच्या एका पतसंस्थेला त्याचा उपयोग होईल हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्या पतसंस्थेचं प्रकरण सांगायलाच हवं. कर्जाचा हप्ता जमा झाला की सभासदाला मराठीत एसएमएस जायचा होता. इंग्रजीतली चाचणी नीट झाली आणि मराठीतला संदेश एक तृतीयांशावर तुटू लागला. त्यांचा प्रोग्रॅमर आमच्या सेवेला दोष देत होता आणि सभासद पतसंस्थेला. आमची सेवा तेव्हा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये घेई. मी तोच संदेश कर्लने पाठवला, तपशील दाखवणारा ‘व्ही’ पर्याय लावून. संदेश पूर्ण पोहोचला. मग दोन्ही मागण्या शेजारी ठेवून पाहिल्या. फरक एकाच हेडरमध्ये होता, मजकुराची लांबी सांगणाऱ्या ‘कंटेंट-लेंग्थ’मध्ये. त्या प्रोग्रॅमरने जावात सॉकेटवर थेट मागणी लिहिली होती आणि लांबी म्हणून चिन्हांची संख्या दिली होती. हेडरला हवे असतात बाइट. ‘हप्ता’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशोबी ह, प, हलन्त, त आणि काना अशी ती पाच चिन्हं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकूण 15 बाइट. लांबी पाच सांगितली की सर्व्हर ‘ह’ पूर्ण घेतो, ‘प’चे दोन बाइट घेतो आणि थांबतो. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसत होतं. आम्ही कर्लच्या ओळीवरून तयार केलेला जावाचा कोड त्यांना दिला. त्यात लांबी लायब्ररीच मोजते. पतसंस्थेच्या मॅनेजर बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला, सभासदांना पूर्ण संदेश मिळतोय म्हणून. मराठी माणसाला मराठीत, न तुटलेला संदेश मिळावा यासाठी आपण काही करू शकलो, याचं समाधान मला आजही आहे.

तयार कोड म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही याच कामाने शिकवलं. तारेवरची मागणी सारखी असली तरी भाषांचे स्वभाव वेगळे. पत्ता बदलल्याचं सर्व्हरने सांगितलं तर कर्ल आपण ‘एल’ पर्याय दिल्याशिवाय नव्या पत्त्यावर जात नाही. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी ‘गेट’च्या वेळी आपणहून जाते, आणि वेळेची मर्यादा आपण घातली नाही तर उत्तराची वाट पाहत ताटकळते. कर्लला ‘डी’ पर्यायाने मजकूर दिला की हेडर न सांगताही तो फॉर्मचा मजकूर म्हणून जातो. ‘जेसन’ या साच्यातला मजकूर मागणारा सर्व्हर तो नाकारू शकतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला न लिहिलेल्या अशा गोष्टीही ठाऊक असाव्या लागतात. या साधनांमागचे स्वयंसेवक त्या एकेक करून हुडकतात आणि दुरुस्त करतात. त्या कष्टांची किंमत मला त्यांच्या बटणावर वर्षानुवर्षं पोट भरल्यानंतर कळते आहे.

काका निवृत्त होऊन आता मिरजेला असतात. त्यांचं देणं फेडण्याचा एक मार्ग मला सापडला आहे: नव्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात हाताने मागणी लिहायला लावते. आता बहुतेक सर्व्हर कूटबद्ध जोडणीच मागतात, म्हणून टेलनेटऐवजी ओपनएसएसएल वापरावं लागतं. बाकी सगळं तेच, रिकाम्या ओळीसकट. आज एआयला सांगितलं तरी दहा भाषांत कोड मिळतो, मग हे कशाला, असं मुलं विचारतात. मिळालेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायला मागणी वाचता यायला हवी, असं मी त्यांना सांगते आणि मला ते मनापासून पटलेलं आहे. याच एआयने रचलेले पोकळ दोष-अहवाल कर्लच्या मंडळींचा वेळ खातात, अशी तक्रार स्टेनबर्ग यांनी 2025 मध्ये जाहीरपणे केली आहे. फुकट मिळालेल्या कामाची ही परतफेड नव्हे.

वाचकांत या कामातलं कुणी असेल तर तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. ब्राउझरमधून कर्लची ओळ कॉपी करून कुणाला पाठवताना तिच्यातली कुकी आणि टोकन आधी काढा, कारण ती गेली की तुमचं लॉगिनही गेलं. दोष कळवायचा असेल तर तो स्वतः तपासून, चालवून पाहिलेल्या एका ओळीसकट कळवा. आणि तुमच्या कंपनीचा कारभार कर्लवर चालत असेल, आणि बहुधा तो चालतच असेल, तर मालकांशी बोला: कर्लला ओपन कलेक्टिव्हवरून देणगी देता येते.