पेरूतली अळी

पेरू वरून सोन्यासारखा दिसतो, फोडला की आत वळवळ. आमच्या कड्याकडं पाण्याची कायमची ओढ. उन्हाळाभर टँकरच्या पाण्यावर झाडं जगवायची, आंबे बहार धरायचा, आणि ऐन पावसाळ्यात व्यापाऱ्यानं एक फळ फोडून सगळी क्रेटं बाजूला सारायची. वर्षाचा हिशेब त्या एका फोडीवर.

ही करणी फळमाशीची. मादी सालीखाली अंडी घालती. अळी गरात, तिथं फवारा पोचत नाय. फळ गळालं की अळी मातीत शिरती, कोष करती, पुन्हा माशी होऊन वर येती. 2014 साली युरोपनं आपल्या हापूसवर बंदी घातली, ती ह्याच माशीपायी.

आम्ही गंध सापळे टांगतो. मिथाइल युजेनॉलचा बोळा, एकरी चार-पाच डबे. तुळशीतही हाच वास असतो. डबे माश्यांनी भरतात, पण त्या वासाला भुलतो तो नर. शेजारच्या बागेतून फळलेली मादी आली, तर तिला डब्याचं काही सोयरसुतक नाही.

कृषी पदविका शिकणाऱ्या पुतण्यानं एक नवलाची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात हवाई बेटांवर माशीच्या खाद्यात फ्लॉक्सिन-बी नावाचा लाल रंग मिसळून बघितला. लिपस्टिकमध्ये असतो तोच. माशीनं तो खाल्ला आणि उजेडात बसली, की रंगामुळं तिच्या अंगातला प्राणवायूच विषारी होतो. आमची मंडळी हसली, "ऊन तर आपल्याकडं फुकट हाय!" मला पटलं ते वेगळंच. अंडी पोसायला मादीला प्रथिनं लागतात, म्हणून अशा खाद्याला मादीही येती. नराच्या डब्यानं जे होत नाही, ते खाद्यानं होतं.

पण कुठलंही औषध बांध बघून थांबत नाही, आणि माशीही नाही. चुलतभावाच्या झाडाखाली गळालेल्या पेरूंचा सडा पडलेला. बांधावरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद. तरी गेलो.

"आलास कशाला, दादा?"

"तुझे पडलेले पेरू मागायला."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मजुरी कोण देणार?"

"तुझी माणसं एक दिवस, माझी एक दिवस."

आता दोघांच्या बागेतली गळ वेचून दोन फूट खोल खड्ड्यात पुरतो. बांधाचा वाद अजून मिटला नाही. खड्डा मात्र बांधावरच खणलाय, दोघांच्या जमिनीत निम्मा-निम्मा.