बारवेच्या काठावरची शेळी

तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग विकत घेणारा वाचक लेखकावर आगाऊ विश्वास टाकतो. गोष्ट आज पुरी होणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी पैसे आणि चार रात्रींची झोप तो देऊन मोकळा होतो. म्हणून पहिल्या भागावर आलेल्या प्रतिक्रियांचं मोल मला परीक्षणांहून जास्त वाटतं. परीक्षण लिहिणारा पुस्तक मिटतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. वाचक मात्र गोष्टीत अडकलेला असतो आणि तिथूनच बोलतो.

माझी कादंबरी आष्टी तालुक्यातल्या एका कोरड्या बारवेपाशी सुरू होते. सातवीतली मुलगी शेळी चारायला जाते, शेळी काठावरच्या बाभळीला बांधते आणि पायऱ्या उतरू लागते. तळाशी गाळाऐवजी उजेड असतो. ती बाहेर येते ते दुसऱ्याच मुलखात. तिथे ओढे बारा महिने वाहतात, पण पाण्याला एक अट आहे. ओंजळभर पाणी प्यायलं की इकडचं एक नाव आठवणीतून जातं. या प्रकाराला हल्ली पोर्टल फँटसी म्हणतात. इकडचं जग, मध्ये एक दार आणि पलीकडे तिकडचं जग. लिहिणाऱ्याचा जीव बहुधा तिकडच्या जगात रमतो. नकाशा काढावा, झाडांना नावं द्यावीत, राज्य कोणाचं ते ठरवावं, यात महिने जातात आणि ते जावेतच.

पुस्तक आल्यावर पहिले फोन त्या पाण्याबद्दलच आले. हॅरी पॉटर मराठीत वाचून मोठी झालेली मुलं नियमाला फार पक्की. नाव विसरलं तर चेहराही विसरतो का? उकळून प्यायलं तर? जनावरं पितात, ती काय विसरतात? अशा वाचकांवर माझा जीव आहे. अद्भुताला शिस्त लागते, आणि ती शिस्त मोडली की वाचक लेखकाला माफ करत नाही, हे त्यांना जन्मजात कळतं.

पण दुसऱ्या भागाची दिशा ठरवणारे प्रश्न आष्टीतून आले. कडा, धामणगाव, धानोरा या बाजूच्या वाचकांनी पाण्याच्या अटीबद्दल फारसं विचारलंच नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहं चालतात. तशा एका वसतिगृहात मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पानं मागे उलटली, बाभळीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, ती खाली गेली, मग शेळी कोन सोडतंय? बांधलेलीच ऱ्हाती का?” मी उत्तर द्यायच्या आत दुसरा प्रश्न आला, “आन् तिच्या बारक्या भावाला?”

पहिल्या भागात घर दोनच पानांत येतं. ते मी जाणून तसं ठेवलं होतं, कारण दार लवकर उघडलं नाही तर अशी गोष्ट जड होते. तरी त्या मुलीच्या बोटाखालची ओळ मला नव्याने वाचावी लागली. तिच्यानंतर ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी शेळीचं विचारलं. बाजारात भाजी घेताना एका बाईंनी, वाचनालयात एका निवृत्त गुरुजींनी. तिकडच्या राजाचं नाव त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हतं.

याचं कारण इथल्या जगण्यात आहे. दसरा झाला की तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता, असे कोयते जमवून टोळी होते आणि ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुक्काम तिकडेच, उसाच्या फडाजवळच्या कोपीत. मागे म्हातारी माणसं राहतात, शाळेतलं पोर राहतं, कुलूप राहतं. ज्याच्या घरातून दरसाल कोणीतरी दुसऱ्या मुलखात जातं, त्याला पलीकडच्या मुलखाचं अप्रूप कितीसं असणार? तिकडे पाणी असतं, हिरवंगार असतं, हे त्याला माहीत आहे. ते पाणी फुकट मिळत नाही हेही माहीत आहे. त्याची गोष्ट मागे राहिलेल्या घरात घडत असते, म्हणून तो पुस्तकातही आधी तेच घर शोधतो.

सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या कादंबरीत चार भावंडं कपाटातून नार्नियात जातात, तिथे राजे-राण्या होऊन मोठी होतात आणि परत येतात तेव्हा इकडे क्षणही सरलेला नसतो. ही युक्ती लिहिणाऱ्याच्या फार सोयीची आहे. घरी कोणाला काळजी नाही, कोणी शोधायला निघत नाही, कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. मुळात ती मुलं लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे आईपासून दूर पाठवलेली, पण त्या आईचा दिवस कसा जात असेल हे पुस्तक विचारत नाही. लहानपणी मला ते पुस्तक मिळालं असतं तर मी त्यावर जीव टाकला असता. आष्टीत बसून लिहिताना मात्र ही सवलत घ्यायला माझा हात धजत नाही.

आपल्या जुन्या गोष्टींनीही ती घेतलेली नाही. भागवतातला राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात आणि ज्यांची स्थळं मनात धरून तो गेला, त्यांची नातवंडंही उरत नाहीत.

आणि आमच्या तालुक्याला तर यासाठी लांब जायलाच नको. सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, पाडव्याला तिथे यात्रा भरते. धुंडीसुत मालूंनी शके १७४१ मध्ये पुरा केलेला चाळीस अध्यायांचा नवनाथ भक्तिसार इथे घरोघरी वाचला जातो. त्यात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात. माझ्या धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्या कथेत सगळं आहे. सीमेवर मारुतीचा भुभुःकार, ज्यामुळे पुरुषाला आत जाता येत नाही, म्हणजे दार आणि त्याची अट. आत वैभव, राणी, मुलगा मीननाथ, म्हणजे अडकवणारं जग. पण ती कथा आजवर टिकली ती मागे राहिलेल्या माणसामुळे, असं मला वाटतं. गोरखनाथ गुरूला शोधत निघतो, कलिंगा नावाच्या कलावंतिणीच्या ताफ्यात स्त्रीवेष घेऊन शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक देतो. तिकडचं सोनंही सुखासुखी इकडे येत नाही. झोळीतली सोन्याची वीट गोरख वाटेत फेकून देतो. पारायणाला बसणाऱ्या बायका ही कथा सांगू लागल्या की राज्याच्या वर्णनावर फार रेंगाळत नाहीत. त्यांचा आवाज चढतो तो गोरख येतो तिथे. शेळीचं विचारणारी मुलगी याच श्रोत्यांतली आहे.

दुसरी मोठी तक्रार शेवटाबद्दल होती. मुलगी आपल्या गावाचं नाव विसरते, तिथे पहिला भाग संपतो. “मधीच सोडलंत,” असं अनेकांनी सुनावलं. गुरुजी म्हणाले, “यष्टीत बसली आणि कंडक्टरनं गाव विचारलं, तर पोरीनं काय सांगायचं?” एक तरुण वाचक म्हणाला की आमची रेल्वे १९९५ साली मंजूर झाली, आष्टीला गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, तुम्ही तरी एवढी वाट बघायला लावू नका. तो हसत नव्हता. हक्काने मागत होता.

या तक्रारीचा मी बराच विचार केला. टॉल्किनची कादंबरी त्याच्या लेखी एकच होती. युद्धानंतरच्या महाग कागदामुळे आणि विक्रीच्या धास्तीने प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. दुसरा भाग नोव्हेंबर १९५४ मध्ये आला तेव्हा नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला होता आणि त्याचं पुढे काय झालं हे कळायला वाचकांना ऑक्टोबर १९५५ उजाडावा लागला. तो शेवट कापलेला होता, रचलेला नव्हता. त्याउलट फिलिप पुलमनच्या १९९५ सालच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये हरवलेल्या मित्राला शोधण्याची गोष्ट पहिल्याच भागात संपते आणि मगच नायिका दुसऱ्या जगात पाऊल टाकते. मला ही रीत पटते. पहिल्या भागाने एक प्रश्न पुरता मिटवावा आणि त्याहून मोठा एक उघडावा. माझ्या गोष्टीतल्या मुलीला पाणी सापडतं, तो प्रश्न मिटतो. ती घरी कशी येणार हा उघडा राहतो. तो तसाच राहिला पाहिजे, आणि वाचक त्यावर चिडले तरी मी तो शेवट बदलणार नाही.

घराचं मात्र मी वाचकांचं ऐकलं. दुसऱ्या भागाची पहिली सात प्रकरणं इकडची आहेत. संध्याकाळी शेळी एकटी ओरडते म्हणून आजी बारवेकडे जाते, दावं सोडते, पायऱ्यांवरची चप्पल उचलते. आईबाप फडावर आहेत, त्यांना कळवायचं की नाही हे तिला ठरवायचं आहे. कळवलं तर ते उचल अंगावर ठेवून परत येणार, न कळवलं तर उद्या काय तोंड दाखवायचं? बारका भाऊ रोज बारवेत उतरून बहिणीचं नाव घेऊन ओरडतो. तिकडे कोणाचं नाव पुसलं जातंय याची त्याला कल्पना नाही. तिकडच्या मुलखात आपण आठव्या प्रकरणात जातो. प्रकाशकांना ते उशिराचं वाटतं. मला तसं वाटत नाही.

पहिला भाग तुम्ही वाचला असेल तर काय आवडलं एवढंच कळवू नका. पुस्तक मिटल्यावर कोणाची काळजी वाटली ते लिहा. तिसरा भाग अजून लिहून व्हायचा आहे.