शेजारीण

जून संपत आला की पुण्यात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. कॉलेजांच्या आसपास विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर, मेसच्या जिन्यात चिठ्ठ्या झळकू लागतात. फक्त मुलींसाठी. शाकाहारी. रात्री दहाच्या आत. लातूरची, जळगावची, पाटण्याची, इंफाळची मुलगी पाठीवर सॅक अडकवून त्या चिठ्ठ्यांवरचे नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेत फिरते. त्याच पावसात, त्याच चिखलातून, दुसऱ्या खंडातून आलेली एखादी मुलगीही फिरत असते. तिला चिठ्ठीतला मजकूर वाचता येत नाही. नंबर तेवढे कळतात, आणि ती फोन लावते.

परदेशी बाई शहरात राहायला आली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक गोरी बाई उभी राहते. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत शिकायला आलेली, नाहीतर मराठीचा अभ्यास करायला आलेली. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. तिचं आपण मनापासून स्वागत करतो. तिने हाताने वरणभात कालवला की आपल्याला भरून येतं. अशा बायका माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना मी जीव लावला आहे आणि त्यांचं दुखणंही जवळून पाहिलं आहे. वर्षानुवर्षं इथे राहिल्या तरी कौतुक संपत नाही. रिक्षावाला मीटर टाकत नाही, सिंहगडावर अनोळखी कुटुंबं हाताला धरून फोटोत ओढतात. जिचं उठताबसता कौतुक होतं, तिला कुणी आपल्यातली धरत नाही. पण एक आहे, त्यांना खोली मिळते.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये जी राहायला आली, ती दार-ए-सलामची. इथे एम.एस्सी. करायला आली होती. फोनवर तिचं इंग्रजी ऐकून लोक आदराने बोलत. खोली रिकामी आहे, केव्हाही येऊन बघा म्हणत. ती दारात उभी राहिली की मात्र ती खोली नेमकी कालच गेलेली असे. काही जण तेवढंही खोटं बोलत नसत, मवाळ आवाजात सांगत, "आमचं काही नाही हो, पण सोसायटीतले लोक..." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. मुसलमान जोडप्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला, आडनाव ऐकून गप्प बसलेल्या मालकाकडून परत फिरलेल्या मुलाला, सगळ्यांना हेच सांगितलं जातं. बोलणारा स्वतःचे हात स्वच्छ ठेवतो आणि नकार पूर्ण इमारतीच्या नावावर लिहितो. त्या एका वाक्याचा मला फार राग आहे.

समोरचा फ्लॅट माझ्या सासूबाईंचा. त्या गेल्यावर तो रिकामाच पडला होता. तो मी तिला दिला. कागदपत्रांचं सव्यापसव्य मोठं होतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, शिवाय परदेशी माणूस घरात आला की 24 तासांच्या आत घरमालकाने भरायचा सी फॉर्म. शिकायला आलेल्या, जास्त मुदतीचा व्हिसा असणाऱ्यांना आल्यापासून 14 दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागे, त्यासाठी मालकाच्या सह्या आणि विजेचं बिल. कुणाच्या घरी कोण झोपलं आहे, हे सरकारला एका दिवसात समजतं. जिन्याला समजायला मात्र त्याहून पुष्कळ वेळ लागतो.

पहिले काही महिने जिना गप्प होता. ती वर येताना दिसली की बोलणं थांबायचं, ती दार लावून आत गेली की पुन्हा सुरू व्हायचं. रविवारी सकाळी ती चर्चला जायची. दुपारी तिची एक मैत्रीण यायची आणि दोघी गॅलरीत वेण्या घालत बसायच्या. मैत्रीण वर खुर्चीवर, ही खाली चटईवर. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडायचा, बोटभर केस वेगळे काढायचे, त्यांत जोडकेस गुंफत खालपर्यंत न्यायचे, टोक गरम पाण्यात बुडवायचं, मग पुढची बट. संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत ते चालायचं. तळमजल्यावरची शाळकरी मुलगी आधी जिन्यातून डोकावली, मग उंबऱ्यात बसली, मग जोडकेसांचा जुडगा हातात धरून एकेक बट काढून द्यायला लागली. बसमध्ये मात्र बायका न विचारता त्याच वेण्यांना हात लावत, "खरे आहेत का गं?" असं एकमेकींना तिच्यासमोरच विचारत. दुचाकीवरून जाणारे काही पुरुष वेग कमी करून काय विचारत, ते तिने मला कधी पुरतं सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. ती घरी आल्यावर हातपाय धुऊन बराच वेळ आतल्या खोलीत बसून राही, त्यावरून कळायचं.

दोरीवर तिचे कांगा वाळत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बायकांचं हे सुती वस्त्र, चारी बाजूंनी काठ, मध्ये मोठी नक्षी, आणि खालच्या बाजूला स्वाहिलीत छापलेली एक ओळ. जे तोंडाने बोलता येत नाही ते शेजारणीला, सवतीला, नवऱ्याला कळावं म्हणून तशी ओळ असलेला कांगा मुद्दाम नेसतात. आता यातले पुष्कळसे आपल्याकडेच, गुजरातेत जेतपूरला छापले जातात. आपल्या देशात छापलेलं कापड समुद्रापलीकडे जाऊन तिच्या आईच्या पेटीत पडलं आणि तिथून आमच्या दोरीवर आलं. त्या लाल-काळ्या कापडाकडे तळमजल्यावरच्या काकू रोज वर मान करून बघत.

नाचणीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. पहिल्या पावसाळ्यात तिला ताप आला तेव्हा मी नाचणीची आंबील करून नेली. तिने वाटी नाकाशी नेली, वास घेतला आणि रडायला लागली. तिच्या आजीकडे सकाळी हीच पेज, उजी म्हणतात तिला, थोडी साखर घालून, कधी लिंबू पिळून. नाचणी मूळची तिकडचीच. इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ पट्ट्यात माणसाने ती पहिल्यांदा पेरली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. कोकणात आणि मावळात वरकस जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या जिच्या भाकरीवर लोक जगले, ते धान्य आफ्रिकेतून आलेलं आहे. आज तिला परकी म्हणण्याचं कुणाच्या मनातही येत नाही.

माणसंही आली होती. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहरींना आजही त्याचं नाव आहे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याची जमीनमहसुलाची पद्धत आम्ही शाळेत पाठ केली, परीक्षेत लिहिली, गुण मिळवले. त्याच शाळांतून शिकलेली माणसं या मुलीला दारातून परत पाठवतात. शिकलेलं असं कोरडंच राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती मी विसरत नाही. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते आहे, असं त्यांच्या नजरेला पडलं. चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी, आणि ती त्याला खायला आणून देत होती. त्या खिडकीपाशी त्यांचं मन हललं आणि 1971 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'सिंबायोसिस' उभी राहिली. आज ते नाव केवढं मोठं झालं आहे. मला त्यातली ती मुलगी मोठी वाटते. आपल्याला कुणी बघेल, काय म्हणेल, याची पर्वा न करता ती डबा घेऊन आली.

आणि आनंदीबाई. कल्याणला जन्मलेली, पुण्यात अखेरचा श्वास घेतलेली ही मुलगी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली तेव्हा ती अमेरिकेला निघालेली परदेशी बाईच होती. मासिकात छापलेला तिच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी तिला पत्र लिहिलं, पुढे आपल्या घरात ठेवून घेतलं, आणि नात्याने त्या तिच्या मावशी झाल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होऊन ती परतली, 1887 च्या फेब्रुवारीत गेली, बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिची रक्षा अमेरिकेला पाठवली गेली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या रांगेत, त्यांनी तिला जागा दिली. आनंदीबाई अमेरिकेला गेली त्याच 1883 च्या डिसेंबरात एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. 1870 मध्ये एडिंबरोत वैद्यक शिकायला निघालेल्या मुलींवर जमावाने चिखल फेकला होता, त्या मुलींपैकी ही एक. पुढे कामा हॉस्पिटल तिने सांभाळलं, रखमाबाईंना लंडनला शिकायला धाडण्यात तिचा हात होता, आणि वीसहून अधिक वर्षं ती मुंबईत राहिली. राज्य तिच्या लोकांचं होतं, तिला दारं उघडी होती हे खरं. आनंदीबाईच्या पाठीशी मात्र कुठलंही राज्य नव्हतं. एका बाईने दार उघडलं, एवढंच होतं. ते घर आठवलं की समोरच्या फ्लॅटची किल्ली मी या मुलीच्या हातात ठेवली यात फार काही केलं असं मला वाटत नाही.

थंडीच्या दिवसांत मी तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून मंडईत नेलं. निघताना तिने पुण्याच्या मुलींसारखाच स्कार्फ बांधला. डोकं, कान, नाक, तोंड सगळं गुंडाळून मागे गाठ, वर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे. माझाही तसाच. अलका चौकात सिग्नलला थांबलो. आजूबाजूला पन्नास गाड्या, बस, रिक्षा, आणि एकानेही आमच्याकडे बघितलं नाही. मागून ती माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, आज पहिल्यांदा मला कुणी बघत नाही." आवाजात केवढा आनंद होता! सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली, पण माझ्या पोटात तुटलं. या शहरात नुसतं साधेपणाने रस्त्यावरून जायला मिळावं म्हणून तिला स्वतःला पुरतं झाकून घ्यावं लागलं.

घरात फरक पडला तो एका भांडणाने. उन्हाळ्यात पाणी सकाळी तासभरच यायचं. एक दिवस तिचा नळ चालू राहिला आणि वरच्या टाकीतलं पाणी वाहून गेलं. तळमजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या आणि तिला मराठीतून असं काही फैलावर घेतलं की माझं दार उघडायच्या आत सगळी इमारत गोळा झाली. "शिकलेली आहेस ना? पाण्याची किंमत कळत नाही?" ती आधी गांगरली. मग तिनेही मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिलं, की नळ गळतो, तीन वेळा सांगितलं, प्लंबर येत नाही, तुमचा मुलगा सेक्रेटरी आहे ना? काकू थबकल्या. खाली गेल्या आणि संध्याकाळी मुलाला पान्यासकट वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी माक्याच्या तेलाची बाटली आली, केस फार कोरडे दिसतात म्हणून. इतके दिवस जिन्यातली सगळी माणसं तिच्याशी जपून, हसून, लांबून वागत होती. तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. घरातल्या माणसावर ओरडतात तसं काकू ओरडल्या आणि मला हायसं वाटलं. त्यानंतर जिन्यात तिला पाहून बोलणं थांबायचं बंद झालं, कारण त्या बोलण्यात तीही असायची.

फाटकाबाहेरचं जग मात्र होतं तसंच आहे. बसमध्ये वेण्यांना हात लागतात, दुचाक्या अजून वेग कमी करतात, आणि तिच्या धाकट्या मैत्रिणीला परवाच दोन ठिकाणी नेमकी कालच गेलेली खोली भेटली. ती आता माझ्याकडे येते, समोरच्या फ्लॅटमध्ये दुसरी गादी मावते का म्हणून विचारायला. मावते.

यंदा गणपतीआधी मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन आली. दर फ्लॅटला 501. तिच्या दारात त्यांनी नेहमीच्या सुरात मागितले. ती म्हणाली, मी शिकते, 251 देईन, आणि दहाला स्पीकर बंद, माझी परीक्षा आहे. मुलांनी घासाघीस केली, तीही मागे हटली नाही. शेवटी 301 वर ठरलं. पावती फाडताना त्यातला एक म्हणाला, "ताई, खुर्च्या लावायला माणसं कमी आहेत. आरतीच्या आधी सहाला खाली या."

"साडेसहाला येते," ती म्हणाली. "प्रॅक्टिकल आहे."