केसागणिक एक दाणा

दोस्तांनो, पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्याच्या स्टँडवर पंढरपूरची एस.टी. पकडा. खिडकीची जागा मात्र सोडू नका! कोरेगाव जाईपर्यंत बाहेर हिरवंगार दिसतं. पुसेगाव मागं पडलं की माळ सुरू होतात आणि दहिवडी, गोंदवले करत म्हसवडला पोचेपर्यंत बाभळी आणि मेंढरंच जास्त. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सरळ रेषेत तिथून सव्वाशे किलोमीटरसुद्धा नसलेल्या या माणदेशात पाचशेच्या आसपास! आणि जिल्हा एकच, सातारा.

या माळावर अधूनमधून मक्याची शेतं दिसतात. म्हसवडला उतरून मी भाजलेलं कणीस घेतलं. वरची दोन बोटं जागा दाण्यांविना बोडकी, मधेही फटी. दात पडलेल्या आजोबांसारखं!

"असलं कसं हो कणीस, मावशी?"

"तुऱ्यात आला आन् पंधरा दिस पाऊस न्हाई. मग काय व्हनार?" मावशी निखारे फुलवत म्हणाल्या.

मावशींनी एका वाक्यात सांगितलं ते आपण जरा सावकाश पाहू या. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर फुलं. त्यातून लाखो परागकण उडतात. कणसाच्या टोकाशी जे रेशमी केस लोंबतात, ते मादी फुलांचे. प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो. ज्या केसावर परागकण पडला, त्याचाच दाणा भरणार. (घरी कणीस आणलं की दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. जवळजवळ नेहमी सम संख्याच येईल!)

पाऊस वेळेवर असला तर तुरा आणि केस दोन-चार दिवसांच्या अंतरानं बाहेर येतात. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण केस रेंगाळतात. ते बाहेर पडेपर्यंत पराग संपलेले. बैल गेला आणि झोपा केला! त्यातून पारा 35 अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी असली, तर परागकणच मरू लागतात. हवामान बदलतंय तशी उन्हाची ही झळ वाढते आहे आणि पावसातले खंडही लांबत आहेत.

मग शास्त्रज्ञ काय करतात? चक्क पिकाचा छळ! मेक्सिकोत सिमिट नावाची संस्था आहे. तिथं 1970 च्या दशकात बिनपावसाच्या हंगामात मका लावून ऐन फुलोऱ्यात पाणी तोडायला सुरुवात झाली. अशा हालातही ज्या झाडांचे केस तुऱ्यापाठोपाठ आले, त्यांचंच बी पुढं घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या हेच.

आपल्याकडे मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1957 साली सुरू झाला. एका पिकासाठी असा देशभराचा प्रकल्प तो पहिलाच. त्याचं एक केंद्र सांगलीच्या शेजारी, कोल्हापुरात आहे. 'राजर्षी' हा संकरित वाण तिथलाच. नावावरूनच गाव ओळखलं असेल तुम्ही! संकराचं काम फार चिकाटीचं बरं का. कणसांवर आणि तुऱ्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या, ठरलेला परागच ठरलेल्या केसांवर टाकायचा. एकेक शुद्ध वाण तयार व्हायला सात-आठ पिढ्या लागतात, पुढं चाचण्यांची वर्षं वेगळीच. काम सुरू करताना पहिलीत असलेलं पोर बियाणं हाती येईपर्यंत दहावीला पोचतं.

माणदेशाला दाण्याइतकीच वैरणीची चिंता. 2018-19 च्या दुष्काळात इथली जनावरं छावणीत बांधली होती. 'आफ्रिकन टॉल' हा माणसाच्या डोक्यावरून जाणारा मका इथं खास चाऱ्यासाठी पेरतात. तो संकरित नाही, म्हणून त्याचं बी घरचं धरता येतं. संकरिताचं मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं. पदरात पैसे नसलेल्याला हा फरक फार मोठा.

गंमत, नव्हे, विचित्र गोष्ट पाहा. त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला, घरांत पाणी शिरलं. मक्याच्या मुळांशी पाणी साचून राहिलं तरी तो पिवळा पडतो. म्हणजे आटपाडीला तहान सोसणारा मका हवा आणि पलूसला चिखल सोसणारा. एकच बियाणं सगळीकडे कसं चालेल?

म्हसवडहून मी दिघंचीमार्गे आटपाडीला गेलो. टेंभू योजनेमुळे आता कृष्णेचं पाणी इथवर येतं. गाडीत शेजारी बसलेल्या काकांच्या मांडीवर मक्याच्या बियाण्याची पिशवी होती. "कधी पेरणार?" म्हटलं, तर खिडकीतून वर बघत म्हणाले, "कॅनॉलला पाणी सुटलं तर उद्या. न्हाई तर त्याच्या मनात आल्यावर."

वर एकही ढग नव्हता.