यादीतून गळलेले घर



आमच्या बालाघाटच्या धर्मग्रामात एक आजी आहेत. कितीतरी वर्षे मिस्साआधी वेदीवर फुले त्यांनीच लावली. पुढे त्या तेच ते पुन्हा विचारू लागल्या. मिस्सा चालू असतानाच "मिस्सा कधी सुरू होणार?" असे मोठ्याने म्हणू लागल्या. मुले हसली. कुणी 'म्हातारचळ' म्हणाले, कुणी बाहेरची बाधा. मग सूनबाईंनी त्यांना आणणेच बंद केले. खरे सांगायचे तर आम्हाला हायसे वाटले. घरोघरच्या प्रार्थनेची यादी करताना त्यांचे घरही आम्ही गाळले.

गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, आम्ही पाचसहा जण संकोचतच त्यांच्याकडे गेलो. आजींनी कुणालाच ओळखले नाही. पण हातात जपमाळ येताच त्यांचे ओठ हलू लागले. आमच्या बरोबरीने त्यांनी प्रार्थना म्हटली. सूनबाई दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "दोन वर्षांनी कुणी आले," एवढेच त्या म्हणाल्या.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना तो असावा, असा अंदाज आहे. नुकतेच घडलेले आधी पुसले जाते. लहानपणी घोकलेली प्रार्थना, गीत बरेचदा उशिरापर्यंत टिकते. आणि ही पापाची शिक्षा तर नव्हेच. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कुणाचे, हे विचारले, तेव्हा प्रभूने ती समजूतच खोडून काढली (योहान 9).

आता आजी पुन्हा मिस्साला येतात. आम्ही "ओळखलंत का?" असे विचारत नाही, आपले नाव आपणच सांगतो. त्या मध्येच बोलल्या तर फादर क्षणभर थांबतात. फुलांची परडी त्यांच्याच हाती असते. एखादे फूल उलटे लागले तरी चालते. आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्यापैकी दोघी त्यांच्याजवळ बसतात, तेवढ्यात सूनबाईंचा बाजारहाट होतो.

जन्मदात्री विसरली तरी न विसरणाऱ्या देवाविषयी यशयाने लिहिले आहे (अध्याय 49). आजी आमची नावे विसरल्या, तो आजार. आम्ही त्यांचे घर विसरलो, तो मात्र आमचा दोष.

तुमच्या यादीतून कोणते घर गळले आहे? या रविवारी तिथे जाऊन या.

हे प्रभो, जे विसरले त्यांना तू आठवतोसच. आम्हालाही त्यांची आठवण राहू दे. आमेन.