काल्श्टाटचे जुने कागद

जर्मनीच्या नैर्ऋत्येला द्राक्षमळ्यांत वसलेले काल्श्टाट हे गाव आम्ही पायी हिंडून पाहिले. वस्ती जेमतेम बाराशेची. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश इथलेच.

केशकर्तनाचे काम शिकलेला हा पोरगा १८८५ साली, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला. तिकडे खाणावळी-हॉटेले चालवून त्याने पैसा कमावला, गावचीच मुलगी केली आणि १९०४ मध्ये कुटुंबासह गावी परतला. तेव्हा हा मुलूख बव्हेरियाच्या राज्यात होता. लष्करी चाकरी चुकवून गेला, असा ठपका ठेवून सरकारने १९०५ मध्ये त्याला देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याने राज्यकारभार पाहणाऱ्या राजपुत्र लुईटपोल्ड यांना काकुळतीने अर्ज लिहिला. तो फेटाळला गेला. गरोदर बायको आणि लहानगी मुलगी घेऊन त्याला पुन्हा बोटीत बसावे लागले.

ज्या गावात राहू द्या म्हणून बापाने विनवणी केली, ते गाव मुलाने पुढे लपवले. महायुद्धानंतर जर्मन म्हणवणे अडचणीचे झाले, म्हणून ‘आम्ही स्वीडनचे’ असे तो सांगू लागला. नातवाच्या १९८७ च्या पुस्तकातही स्वीडनच छापले गेले. पण स्पायर शहरातील सरकारी दफ्तरात हद्दपारीचे कागद शाबूत होते. ते खरे तेच सांगत राहिले.

गाव का लपवावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचे गाव, आई-वडिलांची नावे विचारा आणि आजच वहीत लिहून ठेवा.