ओव्हरऑइलिंग!

‘रिस्टोरेशन’ म्हटलं की कसं एकदम पॉश वाटतं ना? व्हिंटेज कार, पांढरे हातमोजे, फोटोशूट वगैरे. सायकलच्या बाबतीत मात्र आपल्याकडे त्याला झकास देशी शब्द आहे, ओव्हरऑइलिंग. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग; पण तसं म्हणालात तर सायकलवाला तुमच्याकडे बघतच राहील. सायकल पूर्ण खोलायची, रॉकेलने धुवायची, ग्रीस भरायचं आणि परत जोडायची. बस्स!

माझं मॉडेल १९७९ सालचं. बाबांनी सुरुवातीच्या पगारातून घेतलेली काळी अॅटलस. २४ इंची फ्रेम, रॉडचे ब्रेक, मागे भलंमोठं कॅरिअर. कारखान्यात फिटर असताना याच सायकलवर त्यांनी नारायण पेठ ते खडकी अशी रोजची ड्यूटी केली. मग स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. जिन्याखालचं सगळं हलवा, असं सोसायटीचं फर्मान निघालं. बाबा म्हणाले, “देऊन टाक. किलोच्या भावाने जाईल.”

हे बाबांचं बोलणंच नव्हे! पण दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हापासून त्यांनी पाना हातात धरलेला नाही. नळ गळला तरी प्लंबर. हात थरथरतो आणि तो कोणी बघितलेला त्यांना चालत नाही. फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा म्हणजे दुपारी वेळ असतो. मी सायकल उचलून सरळ गॅलरीत आणली.

आता गंजाचा पहिला फंडा. सगळा गंज सारखा नसतो. वरवरचा गंज म्हणजे लालसर भुकटी. घासली की खालचं लोखंड शाबूत. दुसरा गंज आत शिरतो, खड्डे पाडतो, पापुद्रे काढतो. फ्रेमचे सांधे आणि सीटची दांडी जिथे आत जाते ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून बघायची. तिथे लोखंड दबलं तर नाद सोडा, अशी फ्रेम रस्त्यावर काढायची नाही. आमची टणक निघाली.

हँडल आणि रिमच्या क्रोमसाठी भन्नाट औषध किचनमध्येच असतं, पोळ्या गुंडाळायची फॉइल! तिचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत, गंज तेवढा निघतो. नट-बोल्ट मी रात्रभर ऑक्झॅलिक अॅसिडच्या सौम्य द्रावणात ठेवले. हे विषारी असतं. त्यामुळे रबरी हातमोजे, मोकळी हवा आणि प्लास्टिकची वेगळी बादली, जी परत अंघोळीला वापरायची नाही! सकाळी सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि लगेच तेलाचा हात. नाहीतर ओल्या लोखंडावर काही तासांत गंज पुन्हा हजर.

बाबा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. म्हणजे तसं दाखवत होते. मी डाव्या पेडलला पाना लावला, तोच पेपरामागून आवाज आला, “डाव्याचे आटे उलटे असतात.”

मग कॉटर पिन अडली. “नट पूर्ण काढू नकोस, टोकाशी राहू दे. क्रँकखाली पाइपचा तुकडा टेकव आणि एकच घाव घाल. हळूहळू दहा मारलेस तर पिन फुगेल.” एका घावात पिन सुटली. छर्रे काढताना तर त्यांनी मोजून घेतले. मागच्या हबमध्ये एका बाजूला नऊ. नववा सापडेपर्यंत मला पुढे जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा कोन बसवायचा होता. घट्ट झाला तर चाक करकरतं, सैल राहिला तर डुलतं. मधला नेमका बिंदू हाताला कळावा लागतो. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि पाना मागितला. पाना नटावर दोनदा आपटला, मग बसला. डॉक्टर मागे म्हणाले होते की ही थरथर बऱ्याचदा हात स्वस्थ असताना जास्त असते, कामात गुंतला की कमी होते. आम्ही ते ऐकून सोडून दिलं होतं. बाबांनी कोन पाव आटा मागे घेतला आणि चाक फिरवलं. ते सावकाश मंदावलं, किंचित मागे झुललं आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं. “झालं,” ते म्हणाले. मी समोर बसून बघतेय, याचं त्यांना काही वाटलं नाही.

पार्ट्सची काळजी होती, कारण अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम ३ जून २०२० ला थांबलं, तेही नेमकं जागतिक सायकल दिनी! पण २८ बाय दीड इंची टायर हे आपल्याकडच्या काळ्या सायकलींचं ठरलेलं माप. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर... सगळं पेठेतल्या दुकानात मिळालं. खर्च एका वीकेंडच्या पार्टीएवढा.

शेवटचा प्रश्न रंगाचा. मित्रमंडळी म्हणाली, पावडर कोटिंग कर, सॉल्लिड दिसेल. पण त्यासाठी जुना रंग पार खरवडून काढावा लागतो. चेनकव्हरवर पेंटरने पिवळ्या अक्षरांत बाबांचं नाव आणि खरेदीची तारीख लिहिलीय, ती गेली असती. बाबांना विचारलं. “गंज थांबला ना? सायकल पळतेय ना? मग राहू दे.” म्हणून फक्त पॉलिश आणि तेलाचं फडकं. ओरखडे, पोचे सगळे जागच्या जागी.

परवा सकाळी झेड ब्रिजपर्यंत चक्कर मारून आले. बाबांना म्हटलं, चला, कॅरिअरवर बसा. म्हणाले, “डबलसीट? पोलीस पकडतो!” त्यांच्या डोक्यातला कायदा अजून १९७९ चाच आहे. चपला घालून खाली मात्र आले होते. मागचा ब्रेक किंचित लागतोय म्हणे.